ओटल्याला जाळी लावू नका! ओटल्याबद्दल तुम्ही विचारलेलं सगळं

नमस्कार मंडळी! आज ओटला, म्हणजे दाराबाहेरचा बसायचा कट्टा. मागच्या व्हिडिओत मी इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घरासमोर उभं राहून बोलत होते, विषय वेगळाच होता, पण खाली कमेंट्स बघा, "ताई मागचा ओटला नीट दाखवा ना", "ताई आमचं नवीन घर सुरू आहे, ओटला किती उंच घ्यायचा", आणि त्यात सध्या ते न्यू यॉर्कचे रील्स चाललेत, ब्रुकलिनच्या घरांसमोरच्या उंच दगडी पायऱ्यांवर माणसं कॉफी घेऊन बसलेली, आणि खाली आपलेच लोक लिहितायत "किती छान कल्चर आहे तिकडचं". अहो तिकडचं काय! त्या पायऱ्या तिथे डच लोकांनी नेल्या, त्यांचं त्यांना लखलाभ, खरंच सुंदर आहेत, पण इंदूरच्या माणसाने हे लिहावं? मल्हारगंजात जा, जुन्या इंदूरला जा, गल्लीच्या दोन्ही बाजूंना ओटलेच ओटले आहेत अजून.

तर पटापट मापं सांगते, कारण ते सोपं आहे. ओटला म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे, दाराबाहेर, घराच्या भिंतीला लागून, रस्त्यापेक्षा वर. खोली, म्हणजे भिंतीपासून काठापर्यंत, कमीत कमी दोन फूट, अडीच असेल तर मांडी घालून बसता येतं. वर फर्शी टाका, कोटा स्टोन चालेल पण पॉलिश करू नका, पहिल्या पावसात कोणीतरी घसरणार. ढाळ रस्त्याकडे, अगदी थोडा, पाणी थांबणार नाही इतकाच. कडा मिस्त्रीकडून गोल घासून घ्या, नाहीतर मांडीखाली रुततात. झालं.

उंचीचं मात्र थांबून सांगते. जुने ओटले बघा, बरेचसे अडीच-पावणेतीन फुटांचे असतात. त्या काठावर पाय सोडून बसलं की बसलेल्याचे डोळे आणि रस्त्यावर उभ्या असलेल्याचे डोळे जवळपास एका रेषेत येतात. म्हणजे कोणी वर बघून बोलत नाही, कोणी खाली बघून बोलत नाही. जाता जाता थांबलेला माणूस ओटल्याला टेकतो, पिशवी ओटल्यावर ठेवतो, आणि मग अर्धा तास हलत नाही. आता नवीन घरांना लोक जोतं चार चार फूट घेतात आणि वर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसतात, मग खालचा माणूस मान वर करून किती वेळ बोलणार? दोन वाक्यं बोलतो आणि निघतो. जोतं उंच घ्यावंच लागतंय हे मला कळतं, कारण रस्ता दर वेळी जुना न खोदता त्याच्यावरच नवीन थर टाकून करतात, रस्ता वर येत जातो आणि घर खाली जातं. आमचा ओटला माझ्या लहानपणी माझ्या छातीला लागायचा, मी मोठी झाले ते आहेच, पण त्याची खालची अख्खी पायरी आता रस्त्याच्या पोटात आहे. तर जोतं उंच असेल तर ओटला त्या जोत्याच्या लेव्हलला नेऊ नका, त्याच्या खाली वेगळा काढा. जागा फारच कमी असेल तर दीड फूट, खुर्चीच्या उंचीचा, तेही चालतं.

आता मुख्य मुद्दा. जाळी. ग्रिल. कृपा करून ओटल्याला जाळी लावू नका.

मला माहितीये तुम्ही का लावता. पण ऐका. माझी आजी दुपारी चारनंतर ओटल्यावर भाजी निवडायला बसायची, सुपात मेथी, मांडीवर जुनं वर्तमानपत्र. ठेलेवाला यायचा, "माँजी, गिलकी ताज़ी है", आजी ते घोसाळं हातात घेऊन नखाने दाबून बघायची, समोरच्या काकू त्यांच्या ओटल्यावरून ओरडायच्या "घेऊ नका हो, काल कडू निघाली", आणि मग तिघांचा वाद, त्यातच कुणाच्या मुलीचं ठरलं, कुणाचं ऑपरेशन आहे, कुणाच्या घरी डबा पाठवायचा, सगळं ठरून जायचं. आता मध्ये जाळी धरा. ठेलेवाला जाळीतून गिलकी कशी देणार? आजी उठणार, कुलूप उघडणार, बाहेर येणार. ती नाही येत. ती आत बसून सुनेला सांगते ऑनलाइन मागव. जाळीच्या आतून बोलता येतं हो, पण जाळीबाहेरचा माणूस टेकत नाही, आणि टेकला नाही की थांबत नाही.

दुसरी गोष्ट, चोरी. सगळ्यांत जास्त कमेंट्स याच्याच, "ताई जमाना बदलला". बरं. मग सराफ्यात चला. सोन्याचांदीचा बाजार, इंदूरमध्ये याहून जास्त जपायची जागा कुठली? रात्री नऊच्या सुमारास सराफांची शटर्स पडतात आणि त्याच दुकानांसमोर, त्याच ओटल्यांवर, भुट्ट्याचं कीस, गराडू म्हणजे तळलेला कंद, मालपुवे, मोठाले जलेबे सुरू होतं, आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत पाय ठेवायला जागा नसते. तिथले जुने लोक सांगतात की सराफांना हे हवंच होतं, रात्रभर माणसं जागी असली की दुकानं आपोआप राखली जातात. जेन जेकब्स म्हणून शहरांवर लिहिणाऱ्या एक बाई होत्या, न्यू यॉर्कच्या हडसन स्ट्रीटवर राहायच्या, त्यांनी 1961 मध्ये हेच लिहिलं, की रस्ता सुरक्षित ठेवतात ते रस्त्यावर असलेले डोळे, पायऱ्यांवर बसलेले, दुकानात बसलेले, खिडकीतून बघणारे. म्हणजे तुमची जाळी चोराला थोडा उशीर करेल, पण जो शेजारी म्हणाला असता "कोण रे तू, कोणाकडे आलास?" तो ओटल्यावर नाहीच आता. दाराला चांगलं कुलूप लावा, कॅमेरा लावा, माझं काही म्हणणं नाही. ओटला उघडा ठेवा.

आणि तिसरं. जाळी लावलेल्या ओटल्याचं काय होतं बघितलंय? आधी फक्त जाळी. मग चपलांचा रॅक, "नाहीतरी बंदच आहे ना". मग स्कूटर. मग पाण्याची मोटर, रिकामे कॅन, मागच्या दिवाळीचा आकाशकंदील, मुलाची मोडकी सायकल. बसायची जागा संपली. जाळी लावताना कोणी ठरवत नाही की इथे अडगळ ठेवायची, पण बंद जागा भरतेच. म्हणून म्हणते, तीन बाजूंनी विचार केला तरी उत्तर तेच, नको ती जाळी.

एका ताईंची कमेंट आहे, वाचते. "तुम्ही ओटल्याचं एवढं कौतुक करता, पण आमच्याकडे ओटल्यावर पुरुष बसायचे, आम्ही सुना दाराच्या आत." ताई, अगदी खरं. आमच्याकडे पण दुपार बायकांची आणि संध्याकाळ पुरुषांची होती, आणि माझी आई सून असताना कितीतरी वर्षं फक्त झाडायला ओटल्यावर गेली. हे मला आजही बोचतं. पण यावर उपाय ओटला बंद करणं नाही, उपाय आहे संध्याकाळी सात वाजता तुम्ही तिथे चहा घेऊन बसणं. आता माझी आई बसते, पाय सोडून, आणि मावशी, काकू सगळ्या येतात. शब-ए-मालवा म्हणतात ना, उन्हाळ्यातसुद्धा रात्री सुटते ती गार हवा, ती काय फक्त पुरुषांसाठी आहे?

ज्यांनी लिहिलंय की पोरं बसून गुटखा थुंकतात, त्यांना पण हेच. रिकाम्या ओटल्यावर ती बसतात. तुम्ही आधी बसा.

आता एक कडक गोष्ट. ओटला स्वतःच्या प्लॉटमध्ये काढा. नालीवर नाही! नालीवर स्लॅब टाकून ओटला केला की ती साफ होत नाही, पाऊस आला की पाणी शेजाऱ्याकडे, आणि मग एक दिवस जेसीबी येतो आणि तुम्ही रडता. नकाशा पास करणाऱ्याला एमओएसचं, मार्जिनल ओपन स्पेसचं, विचारून घ्या, म्हणजे तुमच्या प्लॉटला समोर किती जागा सोडायची आहे आणि त्यात काय चालतं. रस्ता रुंद करताना ज्यांचे कायदेशीर, जुने, दगडी ओटले गेले त्यांचं दुःख वेगळं आहे, ते मी समजू शकते. शंभर वर्षांपूर्वी पॅट्रिक गेडेस हे नगररचनाकार इंदूरला आले होते, होळकर दरबारासाठी त्यांनी केलेला रिपोर्ट 1918 चा आहे, आणि त्यांचं म्हणणंच हे होतं की जुन्या वस्तीतून सरळ रस्ता कापत नेऊ नका, जिथे अगदीच गरज आहे तिथेच थोडं काढा, बाकी दुरुस्त करा. प्लेगच्या काळात त्यांनी दिवाळीची मिरवणूक ठेवली आणि जाहीर केलं की ज्या गल्ल्यांमधली घरं सगळ्यांत जास्त दुरुस्त आणि स्वच्छ असतील तिथूनच ती जाईल, आणि लोकांनी खरंच घरं झाडली, रंगवली! आपल्या दारासमोर कोणी येणार आहे म्हटलं की माणूस दारासमोरची जागा जपतो. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, बघायला राजवाड्याकडच्या गल्ल्यांमध्ये ओटला मिळाला की अख्खं घर खूश होतं, ते त्यासाठीच.

शेवटचा प्रश्न, फ्लॅटवाल्यांचा, "आम्ही काय करायचं". सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढा. मुख्य दरवाज्याजवळ, लिफ्टकडे जायच्या वाटेवर, बाहेरच्या बाजूला, रस्ता दिसेल असा दीड फूट उंच, दोन फूट खोल, आठ-दहा फूट लांब कट्टा करून घ्या. मागे गार्डनमध्ये बाक टाकू नका, तिथे मुद्दाम जावं लागतं, कोणी जात नाही. येण्याजाण्याच्या वाटेवरच पाहिजे. जागा पश्चिमेला उघडी असेल तर वर छोटं छप्पर किंवा एखादा कडुनिंब, नाहीतर संध्याकाळपर्यंत फर्शी तापलेली असते. आणि सेक्रेटरी म्हणाले की जाळी लावू, तर हा व्हिडिओ त्यांना पाठवा. मापांचं काही अडलं तर फोटो काढून कमेंटमध्ये लिहा, रस्त्याकडून काढलेला, दारातून काढलेला नको.