हायब्रिड सेडानचा हिशेब, मुंबईच्या रस्त्यावर

व्याख्यान सुरू होण्याआधी मोबाइल बंद करायला सांगतात. मी उलट सांगतो: चालू ठेवा आणि कॅल्क्युलेटर उघडा. आज थोडी भागाकाराची करमणूक आहे: हायब्रिडसाठी मोजलेले जास्तीचे पैसे मुंबईत वसूल होतात का?

आधी गाड्यांविषयी. हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला इलेक्ट्रिक मोटर असलेली गाडी. मिडसाइझ सेडान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर होंडा सिटी येते. अमेरिकेत ‘मिडसाइझ सेडान’ या नावाखाली टोयोटा कॅमरी आणि होंडा अ‍ॅकॉर्ड येतात. तिकडे २०२५च्या मॉडेलपासून कॅमरी फक्त हायब्रिडच मिळते. मध्यमवर्गीय घराची रोजची गाडी. इथे तीच कॅमरी डिसेंबर २०२४ मध्ये ४८ लाख एक्स-शोरूमला आली. पेट्रोल वाचवायला ४८ लाख घालणारा कुणी असेल तर मला त्याला एकदा भेटायचं आहे.

पण कॅमरी आपल्याला एका गोष्टीसाठी उपयोगी पडते. भारतात तिचा जाहीर आकडा आहे लिटरला २५.४९ किलोमीटर. अमेरिकेत तिच्या सगळ्यात काटकसरी व्हेरियंटला गॅलनला ५१ मैल असा सरकारी आकडा मिळाला, म्हणजे लिटरला साधारण २१.७. तंत्र तेच, मग फरक कुठून आला? चाचणीतून. आपली चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते, एसी बंद, वेग ताशी ९०च्या पुढे जात नाही, सरासरी तर बत्तीसच्या आसपास. अमेरिकेच्या चाचणीत एसी आहे, हायवेचा वेग आहे, थंडीही आहे. मे महिन्यात सायनला एसी बंद करून गाडी चालवणारा माणूस मी पाहिलेला नाही. तेव्हा जाहीर आकडा दोन गाड्यांची तुलना करायला वापरा, महिन्याचं बजेट बसवायला नको.

आता सिटी. २०२२ साली तिची स्ट्राँग हायब्रिड आली. २०२३पासून जाहीर आकडा २७.१३. साध्या पेट्रोल सीव्हीटीचा, म्हणजे ऑटोमॅटिकचा, १८.४. स्ट्राँग हा शब्द लक्षात ठेवा, कारण २०१५मध्ये मारुतीची डिझेल सियाझ ‘हायब्रिड’ म्हणून विकली गेली ती माइल्ड होती. तिची मोटर इंजिनाला हातभार लावायची, एकटी गाडी ओढू शकत नव्हती. २०१७मध्ये सरकारनेही माइल्ड हायब्रिडना फेम या इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांसाठीच्या अनुदानातून बाहेर काढलं.

सिटी हायब्रिडमध्ये दोन मोटर आहेत. कमी वेगात इंजिन बहुतेक वेळा चाकांना जोडलेलंच नसतं. ते जनरेटर फिरवतं आणि चाकं मोटर फिरवते. हायवेवर एका वेगाने जाताना क्लच लागतो आणि इंजिन थेट चाकं ओढतं. बॅटरी मात्र चिमुकली, एक युनिटसुद्धा वीज मावत नाही. ती म्हणजे सुट्ट्या पैशांचा डबा: ब्रेक लावला की नाणी पडतात, सिग्नल सुटला की खर्च होतात. इलेक्ट्रिक गाडीसारखी साठवण तिच्यात नाही.

हे खंडाळ्याच्या घाटात नीट दिसतं. चढताना डबा थोड्या वेळात रिकामा होतो आणि इंजिन एका सुरात ओरडायला लागतं. उतरताना तो भरतो. भरल्यावर जागाच उरत नाही, मग गाडी जास्तीची वीज खर्च करायला पेट्रोल न जाळता इंजिनच फिरवते. पाय ब्रेकवर आणि इंजिनाचा आवाज चढा, असं पहिल्यांदा घडलं की लोक सर्व्हिस सेंटरला फोन करतात. बिघाड नाही तो.

अंधेरीच्या फ्लायओव्हरखाली चित्र वेगळं. एसी सुरू ठेवून उभी असलेली साधी पेट्रोल गाडी तासाला पाऊण ते एक लिटर पेट्रोल जागेवर पिते. हायब्रिडचा एसी विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद राहूनही गार हवा येते. पुढचा ट्रक दहा फूट सरकला की आपणही सरकायचं, ब्रेक लावायचा. हे सगळं डब्यातल्या नाण्यांवर.

आता कॅल्क्युलेटर. शहरात साधी ऑटोमॅटिक सेडान लिटरला ११ किलोमीटर देते आणि हायब्रिड १९, असं धरू. पेट्रोल १०३ रुपये ५० पैसे लिटर धरू. किमतीतला फरक साडेतीन लाख. त्यावर रोड टॅक्स आणि इन्शुरन्स धरून चार. ठाण्याहून नरिमन पॉइंटला रोज ये-जा करणाऱ्याची गाडी वर्षाला साडेसतरा हजार किलोमीटर धावते. त्याचं ६७० लिटर पेट्रोल वाचतं, म्हणजे ६९ हजार रुपये. सहा वर्षांच्या आत पैसे वसूल. बारा हजार चालवणाऱ्याचे साडेसत्तेचाळीस हजार वाचतात, त्याला साडेआठ वर्षं लागतात. आणि मेट्रो तीनने कफ परेडला जाऊन फक्त शनिवार-रविवारी गाडी काढणारा वर्षाला सहा हजार किलोमीटर चालवेल. त्याला सतरा वर्षं. गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं!

आता दर आठवड्याला पुण्याला जाणारे बघा, वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर, बहुतेक एक्सप्रेसवेवर. तिथे साधी साडेसतरा देते, हायब्रिड साडेबावीस. वाचलेलं पेट्रोल ३१८ लिटर, म्हणजे ३३ हजारांच्या आत. शहरात बारा हजार चालवणाऱ्यापेक्षा कमी! शोरूममधला सेल्समन मात्र ‘सर, तुमचं रनिंग जास्त आहे, हायब्रिडच घ्या’ असं दोघांनाही सांगतो. जास्त म्हणजे कुठे, हे तो विचारत नाही. मुंबईची गंमत अशी, की ज्या ट्रॅफिकमध्ये हायब्रिड पैसे वाचवते तेच ट्रॅफिक आपलं रनिंग कमी ठेवतं. दोन्ही जमतात फक्त त्या माणसाला, ज्याचे रोज तीन तास स्टिअरिंगवर जातात. गाडी त्याच्यासाठी आहे.

पूर्वी हा माणूस डिझेल घ्यायचा. आता होंडा सिटी आणि ह्युंदाई व्हर्ना, दोन्ही डिझेलमध्ये मिळत नाहीत. २०२३ मध्ये प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि तो पर्याय गेला. इलेक्ट्रिक घ्यावी तर जीएसटी पाच टक्के, या हायब्रिडवर चाळीस. मोठ्या पेट्रोल गाडीलाही चाळीसच. म्हणजे एवढं पेट्रोल वाचवल्याचं बक्षीस शून्य, हे मला पटत नाही. उत्तर प्रदेशने २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा रजिस्ट्रेशन टॅक्स माफ केला. इलेक्ट्रिकचा कर कमी असला, तरी गिरगावातल्या पागडीच्या घरात राहणाऱ्याने इलेक्ट्रिकचा चार्जर लावायचा कुठे? गाडी रात्री जिथे जागा मिळेल तिथे उभी असते. हायब्रिडला प्लग लागत नाही हा तिचा खरा फायदा आहे, आणि तो माझ्या भागाकारात येत नाही.

एक तोटा ब्रोशरमध्ये बारीक अक्षरांत असतो: डिकी. साध्या सिटीची ५०६ लिटर, हायब्रिडची ३०६. बाकी जागा बॅटरीने घेतली. गणपतीला पाच माणसं आणि सामान घेऊन गावी जाणाऱ्यांनी शोरूममध्ये स्वतःच्या बॅगा नेऊन बघाव्यात. सेल्समन हसेल, हसू दे.

मागून चिठ्ठी आली आहे: जुनी हायब्रिड घ्यावी का? घ्या, पण तीन गोष्टी बघून. होंडा आणि टोयोटा या बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल तेवढी वॉरंटी देतात; त्यातली किती उरली आहे ते बघा आणि ती तुमच्या नावावर होईल हे लेखी घ्या. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बॅटरीची तपासणी करून घ्या. तिसरी गोष्ट फुकट आहे. अनेक हायब्रिडमध्ये मागच्या सीटजवळ छोटी जाळी असते, बॅटरी तिथून हवा घेते. टॉर्च मारून आत बघा. धूळ आणि कुत्र्याचे केस दिसले तर भाव पाडा.