डौल बारा चाकांचा, जोर चारांचा

[दृश्य: टेबलावर हिरवं विद्युत इंजिन. कॅमेरा संथपणे त्याच्या नाकावरून सरकतो.]

गर्द हिरवा पत्रा, पितळेच्या झळाळत्या पट्ट्या, दोन्ही टोकांना गोल नाक. अमेरिकेच्या लायोनेल कंपनीचं हे ३८१-ई. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलेलं हे खेळण्यातलं इंजिन आजही जुन्या मॉडेल रेल्वेच्या संग्राहकांना वेड लावतं. आणि विकत घेतल्यावर जेरीसही आणतं.

ज्या खऱ्या इंजिनावरून हे घडवलं, ते मिलवॉकी रोड या रेल्वेचं 'बायपोलर'. जनरल इलेक्ट्रिकने १९१९ साली अशी पाच इंजिनं बांधली. वजन सुमारे २३५ टन. चौदा आसांपैकी बारांवर प्रत्येकी स्वतंत्र मोटर, तीही थेट आसावरच, मध्ये एकही गिअर नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या कॅस्केड पर्वतांचे चढ प्रवासी गाड्यांसह चढायचं काम यांच्याकडे होतं. लोकांना ताकद दिसावी म्हणून पेनसिल्व्हेनियातल्या इरी इथं वाफेच्या इंजिनांशी याची समोरासमोर रेटारेटी लावली, आणि बायपोलरने त्यांना मागे ढकललं.

लायोनेलने या पहिलवानाची प्रतिकृती केली आणि तिच्या पोटात बसवली एकच मोटर. दिसायला बारा चाकं, पण जोर लावणारी फक्त मधली चार. बाकीची आठ नुसती फरपटत जाणारी.

[दृश्य: डब्याचं छप्पर उघडतं. आत दिवा लागतो.]

एवढ्यावर निभावलं असतं. पण १९२९ साली कंपनीने या इंजिनामागे जोडायला अमेरिकेतल्या राज्यांच्या नावांचे 'स्टेट' डबे काढले: कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, इलिनॉय आणि न्यूयॉर्क. खेळण्याच्या दुनियेत असे डबे तेव्हा विरळाच. एकेक डबा अर्ध्या मीटरहून लांब, सगळा पत्र्याचा. छप्पर उचलून बघा: आत फिरत्या खुर्च्यांची रांग, कोपऱ्यात स्वच्छतागृहसुद्धा. ज्या कारागिराने प्रवाशाच्या नजरेला कधीही न पडणाऱ्या कोपऱ्यात इतकं मन घातलं, त्याला दाद द्यावी तेवढी थोडीच.

मात्र या देखण्या डब्यांचं ओझं त्या एकट्या मोटरला पेलेना. इंजिन दमायचं. शेवटी कंपनीनेच तोडगा काढला: याच डब्यांपुढे दोन मोटरींचं ४०८-ई जोडून संच विकायला सुरुवात केली. डब्यांच्याच तपकिरी रंगातलं ४०८-ई आज अतिशय दुर्मीळ मानलं जातं.

[दृश्य: भिंगाखाली एक चाक. कडेला केसासारख्या बारीक भेगा.]

दुसरं दुखणं मात्र कंपनीलाही तेव्हा दिसत नव्हतं. चाकं जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली. त्या काळच्या ओतीव जस्तात शिशाचा किंचितसा अंश राहून जायचा. शिसं धातूच्या कणांच्या सांध्यांत जाऊन बसतं, हवेतल्या ओलाव्याने तिथेच गंज धरतो, आणि धातू आतून फुगू लागतो. आधी चाक जरासं वाढतं आणि घासायला लागतं. मग काठाला भेग जाते. मग एक दिवस बोटाने दाबलं तर करड्या भुकटीचे तुकडे हातात येतात. याला 'जस्ताची कीड' म्हणतात आणि तिच्यावर औषध नाही. १९२९मध्येच न्यू जर्सी झिंक कंपनीने ९९.९९ टक्के शुद्ध जस्त वापरून झॅमॅक नावाचा मिश्रधातू आणला, पण तोवर कितीतरी चाकं ओतून झाली होती.

म्हणून जुनं इंजिन घेणारा जाणकार रंगाच्या आधी चाकं उलटी करून बघतो. आता नव्या धातूची, तशाच आकाराची चाकं मिळतात. जुनी चाकं खेचून काढायला खास पुलर लागतो आणि नवी दाबून बसवायला प्रेस. इथेच संग्राहकांत वाद पेटतो. एक पक्ष म्हणतो, कारखान्यातून आली तशी वस्तू ठेवा, भेगा पडल्या तर पडल्या. मला ते पटत नाही. गाडी धावण्यासाठी केलेली आहे. चाकं खुशाल बदलावीत, आणि काढलेली मूळ चाकं तारीख लिहून डबीत जपावीत, म्हणजे पुढच्या मालकाला खरं काय ते कळेल. रंगाला मात्र हात लावू नये. नवा लेप दिला की कारखान्याचा हात कायमचा पुसला जातो.

[दृश्य: रुळांवर इंजिन. मधल्या तिसऱ्या रुळातून वीज घेत ते हलतं.]

खऱ्या पाच बायपोलरपैकी आज एकच उरलं आहे, सेंट लुईसच्या वाहतूक संग्रहालयात, जागेवर उभं. ही प्रतिकृती मात्र अजून धावते. चारही डबे जोडायचा हट्ट धरला तर मोटर तापते, चाकं जागच्या जागी फिरतात. पुढे ४०८-ई लावलं की प्रश्न मिटतो, हे प्रत्येक संग्राहकाला ठाऊक आहे. तरीही यांच्यातले कितीतरी जण ३८१-ईच रुळावर ठेवतात, आणि त्याला झेपतील तेवढेच एक-दोन डबे मागे लावतात.