वादाचा फड आणि चिखलातला मासा

मंडळी, आयोजकांचं म्हणणं होतं की मंचावर दोघांना बसवू, एक उत्क्रांती मानणारा, एक न मानणारा, रंगत येईल. मी नको म्हटलं. रंगत येते हीच तर पंचाईत आहे.

माशाच्या पराचा हळूहळू पाय झाला म्हणता, मग मधल्या 'अर्धवट पायाचा उपयोग काय?' हे विचारायला पाच सेकंद पुरतात, उत्तराला अर्धा तास लागतो. अमेरिकेतले सृष्टिवादी, म्हणजे सगळे जीव देवानेच घडवले असं मानणारे, वक्ते ड्वेन गिश असे प्रश्न एका दमात फेकत सुटायचे. समोरचा शास्त्रज्ञ दुसऱ्या प्रश्नाशी झटत असायचा, तोवर वेळ संपलेली असायची. शाळांत उत्क्रांती शिकवावी म्हणून झटणाऱ्या युजिनी स्कॉट यांनी या तंत्राला 'गिश गॅलप', म्हणजे गिशची चौखूर दौड, असं नावच ठेवलं.

आता तो अर्धवट पाय. ओहोटीच्या वेळी आपल्या ठाणे खाडीच्या कडेला तिवरांखाली बघा. निवट्या दिसतील. तुमच्यापैकी काहींनी कालवणात बघितल्या असतील! आहे मासाच, पण पुढच्या दोन परांवर अंग रेटत चिखलातून चालतो. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवतो, ओल्या कातडीतूनही प्राणवायू घेतो. धड पाय नाहीत, पण त्याचं काही अडत नाही. निवटी आपली पणजी नव्हे हं, तिची शाखा वेगळी. मग आपल्या शाखेतला दुवा कुठे? शोधणाऱ्यांनी आधी हिशेब मांडला. मांसल परांचे मासे सुमारे ३८.५ कोटी वर्षांपूर्वीचे, चार पायांचे प्राणी ३६.५ कोटींच्या आसपासचे. म्हणजे मधल्या काळातले खडक धुंडाळायचे. कॅनडाच्या पार उत्तरेला एल्समियर बेटावर तसे खडक उघडे आहेत. तिथे २००४ साली टिकटालिक नावाच्या माशाचा जीवाश्म सापडला: अंगावर खवले, पण मान मोकळी, आणि परात मनगटासारखी हाडं.

फडापेक्षा मला कोर्ट बरं वाटतं. तिथे उलटतपासणी असते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरला २००५ मध्ये 'बुद्धिमान रचने'चा खटला चालला: जीव कुणा बुद्धिमान कर्त्यानेच रचले, हे शाळेत विज्ञान म्हणून सांगावं का, असा वाद. तिचे पुरस्कर्ते मायकल बीही यांना कबूल करावं लागलं की विज्ञानाची त्यांची व्याख्या लावली तर ज्योतिषही तीत बसतं. (आपल्याकडे यावर टाळ्या पडल्या असत्या.) न्यायमूर्ती जॉन जोन्स यांना नेमलं होतं धार्मिक वृत्तीच्या राष्ट्राध्यक्ष धाकट्या बुश यांनी, तरी निकाल लागला की हे विज्ञान नव्हे, धर्मच आहे.

आपल्याकडे उत्क्रांतीला विरोध करणाऱ्यांपेक्षा मिठी मारणारे जास्त. मत्स्य, कूर्म, वराह, म्हणजे आम्हाला आधीच ठाऊक होतं! दशावताराची कथा मला प्रिय आहे. पण कुठल्या खडकात काय सापडेल, हे तिच्यावरून सांगता येत नाही.

२०१८ साली केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिलं नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांनी जाहीर पत्रक काढून ते खोडलं. पुढे एनसीईआरटीच्या, म्हणजे शालेय पुस्तकं काढणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, दहावीच्या पुस्तकातल्या 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्यातली उत्क्रांती गेली, आनुवंशिकता उरली. २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. कारण काय दिलं होतं? मुलांवरचं ओझं.

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये मात्र तो पहिलाच धडा आहे. घरी पुस्तक असेल तर आज काढून वाचा, आणि प्रश्न असतील ते आता विचारा. एका वेळी एकच.