साडेनऊ लाखांचा बांध दीड लाखाला कसा फुटला?

आधी एक आकडा सांगतो, मग बाकीचं. 18 ऑगस्ट 2008, कोसी नदीच्या काठाने घातलेला बांध नेपाळमधल्या कुसहाला फुटला, बिहारमध्ये 30 लाखांहून जास्त लोकांची वाताहत झाली, आणि तेव्हा नदीत पाणी किती, तर साधारण दीड लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी. बांध कितीसाठी बांधलेला? साडेनऊ लाख! म्हणजे पूर म्हणावा असा पूर नव्हताच.

मग बांध फुटला कसा, हे कळायला 1954 मध्ये जावं लागतं. आदल्या वर्षीच्या पुराने सगळे हादरलेले, तेव्हा केंद्रीय मंत्री गुलझारीलाल नंदांनी संसदेत देशाचं पहिलं पूर धोरण मांडलं, सूर असा की पूर आता आटोक्यात आणायचाच. 1956 मध्ये सरकारनेच परत येऊन सांगितलं की पुरापासून पूर्ण सुटका काही शक्य नाही. पण तोवर बांधांची कामं निघाली होती, आणि एकदा निघालेलं काम थांबवतंय कोण.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली म्हणा. कोसी हिमालयातून प्रचंड गाळ आणते. पूर्वी तो आजूबाजूला पसरायचा, दोन्हीकडून बांध घातल्यावर जाणार कुठे, बसला तळातच, तळ वर आला की पाणी वर, मग बांध अजून उंच करा, असं करत करत काही ठिकाणी नदी शेजारच्या जमिनीपेक्षा वर जाऊन बसली. बिहारमध्ये 1954 ला 160 किलोमीटर बांध होते, 90 च्या दशकात साडेतीन हजारांच्या आसपास, आणि पूरप्रवण क्षेत्र घटायचं सोडून 25 लाख हेक्टरवरून जवळपास 69 लाखांवर! दोन बांधांच्या मध्ये अडकलेली शेकडो गावं, त्यांचं तर कोणी नावच काढत नाही.

दुसरा रस्ता माहीत नव्हता असं नाही हां. 1975 मध्येच केंद्राने राज्यांना नमुना कायदा पाठवला होता, की पूरपट्ट्यात कुठे काय बांधायचं ते ठरवून टाका. मणिपूर, राजस्थान अशा बोटावर मोजण्याइतक्या राज्यांनी केला. मला विचाराल तर कारण सरळ आहे, बांधाला नारळ फोडता येतो, ‘इथे घरं बांधू नका’ याचं उद्घाटन कसं करणार?

पुढचं धोरण माझ्या मते इथेच, म्हणजे नदीकाठची बांधकामं रोखण्यातच अडणार आहे. आपल्याकडे निळी पूररेषा असते, साधारण 25 वर्षांतून एकदा पाणी जिथवर येतं ती, आणि लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा. पुढच्या वेळी नदीकाठचा फ्लॅट बघायला जाल ना, बिल्डरला विचारा निळी रेषा कुठून जाते, आणि तो काय म्हणाला ते कमेंटमध्ये टाका.