पूररेषा, परवाना आणि वीजबिल

श्रोतेहो, नमस्कार.

हवामान बदलाच्या प्रश्नावर महापालिकेला, नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला काही ठोस करता येते, की वृक्षारोपण, हरित शपथ आणि सायकल फेरी एवढ्यावरच त्यांची धाव संपते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. सांगलीत राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न पुस्तकी वाटण्याचे कारण नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, ते पुन्हा ५० फूट ओलांडून शहरात शिरले.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की सांगली, मिरज आणि कुपवाडमधील सगळी वाहने उद्यापासून विजेवर धावू लागली, तरी पुढच्या पावसाळ्यात कोयनेच्या खोऱ्यात पडणारा पाऊस त्यामुळे कमी होणार नाही. कोयना धरणातून विसर्ग किती करायचा हे जलसंपदा विभाग ठरवतो आणि कृष्णेवरच्याच अलमट्टी धरणाची पातळी कर्नाटकच्या हाती आहे. हे सारे खरे आहे. किंबहुना तापमानवाढ रोखण्याचे फलक चौकाचौकात लावणाऱ्या पालिकेकडे मी थोड्या संशयानेच पाहतो. मात्र आलेले पाणी शहरात कुठे जाईल, किती दिवस थांबेल आणि कोणाच्या घरात शिरेल, हे बऱ्याच अंशी इथेच, बांधकाम परवान्याच्या फायलीत ठरत असते.

सांगलीकर ज्यांना ओत म्हणतात, ते सखल पट्टे पुराचे पाणी सामावून घेत आणि पूर ओसरताना ते पुन्हा नदीकडे नेत. त्यांपैकी बरेच आता भरावाखाली गेले आहेत. शामरावनगरसारख्या भागात काळ्या मातीची शेतजमीन गुंठ्यागुंठ्याने विकली गेली, घरे आधी उभी राहिली आणि रस्ते व गटारे नंतर मागण्याची वेळ आली. अशा वस्तीत पुढे काय घडते ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. एकाने चार डंपर मुरूम टाकून जोते उंच केले, की त्याच्या दारातले पाणी शेजाऱ्याच्या दारात जाते. शेजारी पुढच्या उन्हाळ्यात पाच डंपर टाकतो. मग रस्ता उंच होतो आणि दोघांचीही घरे पुन्हा रस्त्याखाली जातात. प्रत्येकजण पदरचे पैसे घालून बदलत्या पावसाशी जुळवून घेत असतो, आणि सर्वांचे मिळून पाणी मात्र होते तिथेच राहते. यात कोणा घरमालकाला दोष देण्यात अर्थ नाही. उतार कुठून कुठे असावा, नाल्याची रुंदी किती राखावी आणि जोते किती उंच असावे, हे साऱ्या वस्तीसाठी एकदाच ठरवून द्यावे लागते. ते दिल्लीतून होणार नाही आणि घरोघरी जनजागृती करूनही होणार नाही. ते काम महापालिकेचेच आहे.

नियमांची वाण आहे असेही नाही. साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखण्याची पद्धत जुनी आहे, आणि २०१९ च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनेही पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडे बोट दाखवले होते. अडचण आहे ती नाही म्हणण्याची. झाड लावले तर कोणी रागावत नाही. परवाना नाकारला तर अर्धा प्रभाग दारात येतो. त्यामुळे एखादी योजना केवळ देखाव्याची आहे का, हे ओळखण्याची माझी कसोटी अशी, की तिच्यामुळे कोणाचे काही अडले का?

ही कसोटी विजेला मात्र लागू होत नाही, कारण तिथे बचत सर्वांनाच हवी असते. सातारा शहराला कास तलावाचे पाणी उताराने, पंपाविना मिळते. त्याच शहराच्या शहापूर योजनेत उरमोडीचे पाणी पंपांनी उचलावे लागते. पंपाने चढवलेले पाणी फुटक्या जलवाहिनीतून वाहून गेले, तर त्याबरोबर वीजही वाया जाते. म्हणून गळती काढणे हे, फीत कापण्यासारखे काही नसले तरी, अस्सल हवामानकार्य आहे. पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरली. गाव लहान आहे, तिथले गणित मोठ्या शहराला जसेच्या तसे लागू पडणार नाही. तरीही ग्रामपंचायत काय करू शकते, याचा तो पुरावा आहे.

पैशाचा प्रश्न अर्थातच आहे. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण स्थानिक संस्थांना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच राखून ठेवलेली होती. स्थानिक संस्थांच्या पर्यावरणकामाला गुण देणाऱ्या, राज्याच्या २०२० पासूनच्या माझी वसुंधरा अभियानातून कामाला गती आली हे मान्य केले पाहिजे, पण स्पर्धेत मोजता येईल तेच आधी होते, आणि न दिलेला परवाना कोण मोजणार?

तेव्हा एका कामाची सूचना करतो. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर या भागांतील रहिवाशांना, आयर्विनला किती फूट झाले की आपल्या गल्लीत पाणी येते, हे तोंडपाठ असते. तो आकडा महापालिकेने गल्लीनिहाय जाहीर करावा आणि प्रत्येक बांधकाम परवान्यावर छापावा, म्हणजे प्लॉट घेणाऱ्याला तो पैसे मोजण्याआधी दिसेल. याला खर्च फारसा नाही. विरोध मात्र होईल, कारण त्या आकड्याने काही जागांचे भाव उतरतील. आणि ते उतरायलाच हवेत.

नमस्कार.