चढ मोठा, इंजिन मोठं

(दृश्य: कसारा स्थानक. मालगाडीच्या मागे बँकर, म्हणजे रेटा देणारी जादा इंजिनं, लागतायत.)

कसाऱ्याला गाडी थांबते, बँकर मागून येऊन टेकतात. इथून इगतपुरीपर्यंत थळ घाट: ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. १८६५ मध्ये हा मार्ग सुरू झाला, तरी आजही बहुतेक गाड्यांना इथे मागून रेटा लागतो. इंजिनाची ताकद म्हणजे काय, हे नाशिककर लहानपणापासून डब्याच्या खिडकीतून बघत आलाय.

(दृश्य: नाशिकरोडची खोली. टीव्हीवर 'बिग बॉय' क्रमांक ४०१४.)

म्हणूनच रविवारी इथे जमणाऱ्या मंडळींना अमेरिकेतलं 'बिग बॉय' हे वाफेचं इंजिन परकं वाटत नाही. तेही चढापायीच जन्मलं. वॉसॅच डोंगरात मालगाड्यांना जादा इंजिन जोडावं लागे. ते टाळायला युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने १९४१ ते १९४४ या काळात अशी २५ इंजिनं बांधून घेतली. टेंडरसह (कोळसा-पाण्याच्या मागच्या डब्यासह) लांबी ४० मीटर, वजन ५०० टनांच्या वर. एवढं धूड वळणावर वळावं म्हणून ओढणारी १६ चाकं दोन संचांत विभागली, आणि पुढचा संच बॉयलरखाली डावी-उजवीकडे फिरता ठेवला. आपल्याकडच्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या 'एन' वर्गाच्या गॅरेट इंजिनात चाकांचे दोन संच दोन टोकांना आणि बॉयलर मधे टांगलेला. त्यातलं ८१५ दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे.

(दृश्य: काकांचे हात, काचेची नळी.)

या मंडळींतले काका मनमाडहून मीटरगेजच्या गाड्यांवर फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे, होते. बॉयलरमधलं पाणी दाखवणारी नळी अशीच असायची. पाण्याची बाटली तिरकी धरून ते पोरांना दाखवतात: चढावर पाणी मागे, भट्टीकडे सरकतं, नळीत भरपूर दिसतं. माथा ओलांडला की तेच पाणी पुढे धावतं. भट्टीचं छत उघडं पडलं तर पत्रा तापून बसतो, बॉयलर फुटू शकतो. "नळीवर विसंबायचं नाही. आधी चढ बघायचा, मग नळी."

(दृश्य: अंगण. खडूने आखलेला भट्टीचा चौकोन.)

कोळसा टाकायचा सराव, पण कोळशाऐवजी खडी. बेलचा दारातून आत जातो तसा आखूड फिरवायचा, थर पातळ आणि सारखा पडला पाहिजे. पोरांची खडी मधेच साचते. काका मनगट धरून वळवतात: "नेम कोपऱ्यावर धर. मधलं आपोआप भरतं."

१९९५ मध्ये ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी थांबली, बहुतेक इंजिनं भंगारात गेली.

(दृश्य: पुन्हा टीव्ही. ४०१४ शिट्टी देतं.)

कॅलिफोर्नियात कित्येक वर्षं थंड पडलेलं ४०१४ अमेरिकेतल्याच शायेनच्या कारखान्यात उघडून, दुरुस्त करून २०१९ मध्ये पुन्हा धावलं, आता तेलावर. हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये आपलीही काही इंजिनं अजून पेटवली जातात. सुटे भाग नव्याने घडवता येतात, पण ती पेटवणारे हात ऐंशीच्या घरात पोचलेत. मनमाड, इगतपुरी, भुसावळच्या रेल्वे वस्त्यांत असे फायरमन, ड्रायव्हर अजून भेटतात. त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवून एकेक काम करून दाखवायला सांगायचं, असं या मंडळींनी ठरवलंय. सुरुवात भुसावळपासून, काकांच्या जुन्या जोडीदाराच्या घरून.