फ्यूज गेलेली ट्यूब हातात पेटते कशी?

नमस्कार मंडळी. दिवा घालवायच्या आधी ही ट्यूब नीट बघून घ्या. चार फुटी, दोन्ही टोकं काळी पडलेली. आमच्या ठाण्यातल्या सोसायटीने जिन्यात एलईडी लावले, तेव्हा भंगारात निघालेली ही वॉचमन काकांकडून मागून आणली. वायर नाही, चोक नाही, स्टार्टर नाही.

(दिवा बंद. टेबलावर फक्त प्लाझ्मा बॉल, म्हणजे आत विजेच्या रंगीत रेषा नाचणारा शोभेचा काचेचा गोळा, चालू.)

बॉलपासून वीतभर अंतरावर आणतो... पेटली! आता माझ्या मुठीकडे बघा. ट्यूब मी मध्यावर धरलीय. बॉलकडचा भाग उजळलाय, मुठीपलीकडचा काळाच. मूठ मागे सरकवली, उजेड मागे आला. पुढे नेली, आखडला. बाजाच्या पेटीचा भाता हलवावा तसं. घरातल्या पोरांना हे एकदा दाखवलं की ट्यूब अर्धा तास परत मिळत नाही.

आत काय चाललंय? ट्यूबमध्ये हवा नसते. अगदी कमी दाबाचा आरगॉन वायू असतो आणि पाऱ्याची किंचित वाफ. बॉलभोवतीचं विद्युत क्षेत्र सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलतं आणि आतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांना इकडून तिकडे पळवतं. ते पाऱ्याच्या अणूंवर आदळतात आणि अणू अतिनील किरण सोडतात, मुख्यतः 254 नॅनोमीटरचे. ते डोळ्यांना दिसत नाहीत. काचेला आतून लावलेली पांढरी पावडर ते शोषते आणि आपल्याला दिसेल असा उजेड देते. फ्यूज जाणं म्हणजे टोकाची कॉइल तुटणं. वायू आत आहे तिथेच आहे. एलईडी ट्यूब घेऊन बसाल तर मात्र रात्रभर बसाल, तिच्यात हा वायूच नाही.

आणि मुठीचं काय? एवढासा करंट काचेतून माझ्या हातात येतो आणि अंगातून जमिनीकडे जातो. मला कळतही नाही. पण मुठीपलीकडे ढकलायला व्होल्टेजच उरत नाही. म्हणजे या सर्किटमधली वायर मीच.

बॉल नसला तरी चालेल. अंधारात ट्यूब लोकरीच्या मफलरने झरझर घासा, आत फिकट लकाकी धावते. 1705 च्या सुमारास लंडनमध्ये फ्रान्सिस हॉक्सबी यांनी हेच केलं होतं: हवा काढलेला काचेचा गोळा, आत थोडा पारा, गोळा गरगर फिरवायचा आणि वर हात टेकवायचा. फक्त हे आपल्याकडे जानेवारीत करा. मी पहिल्यांदा शूटिंगला बसलो ते जुलैत. येऊरच्या डोंगरावर ढग टेकलेले, भिंतींना ओल, आणि मी दोन तास मफलर घासतोय. दमट हवेत काचेवर चार्ज टिकतच नाही. शेवटी एसी लावून खोली कोरडी केली तेव्हा जरा चमकली.

आता चुंबक. स्पीकरमधला हा चांगला जाड आहे. ट्यूबवर फिरवतो... काही नाही. नुसता चुंबक टेकवून ट्यूब पेटवल्याचे व्हिडिओ फिरतात ना, ती बनवाबनवी. स्थिर चुंबकीय क्षेत्र धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांची वाट वाकवतं, पण त्यांना ऊर्जा देत नाही. उभ्या गाडीचं स्टेअरिंग कितीही फिरवा, गाडी पुढे जाईल का?

ब्रिटनमध्ये 2004 साली रिचर्ड बॉक्स नावाच्या कलाकाराने हाय टेन्शन तारांखालच्या शेतात 1301 ट्यूब उभ्या रोवल्या होत्या. एकीलाही वायर नाही, आणि अंधार पडल्यावर अख्खं शेत मिणमिणत होतं. ऐरोली-कळव्याकडे डोक्यावरून अशाच तारा जातात, म्हणून तुमच्या डोक्यात काय आलं ते मला कळलंय. नाही म्हणजे नाही. तिथे काठीसारखी वस्तू वर करायची नाही. रेल्वेच्या 25,000 व्होल्टच्या तारेजवळ तर मुळीच नाही. ती शिवायचीही गरज नसते, नुसतं जवळ गेलं तरी झटका बसतो.

घरातही ट्यूब जपून धरा. माझी आधीची कपाटाच्या कोपऱ्यावर आपटून फुटली. आत पारा असतो, त्यामुळे पंखा बंद, खिडक्या उघड्या, सगळे बाहेर. झाडू मारायचा नाही. काचा जाड पुठ्ठ्याने उचलल्या, बारीक चुरा ओल्या कागदाने टिपला, सगळं झाकणाच्या बरणीत भरलं. आई त्यानंतर दोन दिवस या खोलीत आली नाही.